जमनीची भूल

मी एक जुनं बोंडलं आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. आता बाटल्या आल्या, रबरी बोंडं आली, आणि आम्हाला कोणी विचारीनासं झालं. म्हणून आधी ओळख करून देतो. मुठीत मावेल एवढी पितळेची वाटी आणि तिला एका बाजूला चिमणीच्या चोचीसारखी बारीक नळी, म्हणजे मी. तान्ह्या बाळाला वाटीनं दूध पाजलं तर निम्मं अंगावर सांडतं. माझी चोच ओठाशी टेकवली की दूध बारीक धारेनं आत जातं. बाळाला दात आले, ते भाकरीचा कोर चघळू लागलं, की आमचं काम संपलं. मग घासूनपुसून आम्हाला पेटीत ठेवायचं आणि आम्ही पुढच्या पाळण्याची वाट पाहायची. बोंडल्याचा जन्म असाच असतो, एखादं वर्ष कामाचं आणि बाकीची पेटीतली.

माझं तसं झालं नाही. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं.

मला दिग्रसच्या एका तांबटानं घडवलं. ठोकून ठोकून माझं पोट गोल केलं, आतून कल्हई केली, पण नळी जोडताना त्याचा हात जरा हलला आणि माझी चोच डावीकडे कलली. झालं! बाजारात गिऱ्हाईक मला उचलायचं, तोंड पाहायचं आणि पुन्हा खाली ठेवायचं. "वाकड्या तोंडाचं कोन घेते?" असं म्हणायचं. माझ्या मागून आलेली भांडी विकली गेली आणि मी फळीवर धूळ खात बसलो.

छप्पन्न सालच्या हिवाळ्यात जवळच्या तांड्यावरचा धावजी राठोड कापूस विकायला दिग्रसला आला. बरोबर त्याची बायको धुरपताबाई होती. तिच्या ओढणीत तान्ही पोर होती आणि कांचळीवर, म्हणजे चोळीवर, आरशाचे गोल गोल तुकडे शिवलेले होते. तिनं मला हातात घेतलं तेव्हा त्या आरशांत मी पहिल्यांदा स्वतःला पाहिलं. एकदम चारपाच बोंडली, सगळी वाकड्या तोंडाची! मी ओशाळलो.

"दुसरं घे नं वं," धावजी म्हणाला, "हे वाकडं आहे."

"राहू द्या. हे आपलीच वाट पाहून राह्यलं," ती म्हणाली आणि मला ओढणीच्या टोकाला बांधून मोकळी झाली.

त्यांच्या घरात गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, चाले. बाजारात आणि गावात ते वऱ्हाडी बोलत. मी बाजारातलं भांडं, मला हळूहळू दोन्ही समजू लागल्या. तुम्हाला कळावं म्हणून त्यांचं बोलणं मी वऱ्हाडीतच सांगतो. 'याडी' हा एक शब्द मात्र तसाच ठेवतो. याडी म्हणजे आई. तो शब्द मी बदलला तर धुरपताबाई मला कधी माफ करणार नाही.

पोरीचं नाव जमनी. धुरपताबाईला बाळंतपणात ताप आला होता आणि अंगावरचं दूध आटलं होतं, म्हणून माझी गरज पडली. काय ते दिवस होते! सकाळी शेळीचं दूध कोमट करून माझ्यात ओतायचं आणि मांडीवरच्या जमनीनं मुटुमुटू पीत माझ्या चोचीला हिरड्या लावायच्या. शेजारणी म्हणत, "बोंडलं चांगलं पावलं हो तुमाले, पोरगी कशी लोण्यावानी झाली." मला वाटे, हे माझंच कौतुक. वर्ष सरलं, जमनीला दात आले, आणि रीतीप्रमाणे मी पेटीत गेलो. मला वाईट वाटलं, पण ते सुखाचं वाईट वाटणं होतं.

पेटीत कडुनिंबाचा पाला होता आणि धुरपताबाईच्या लग्नातले दागिने होते. त्यांच्याशी गप्पा मारत मी पडून राहिलो. एके दिवशी पेटीचं झाकण उघडलं. मला वाटलं, नवा पाळणा हलला! धुरपताबाईनं मला बाहेर काढलं आणि मी पाहतो तो तिचे डोळे रडून लाल झालेले. समोर जमनीच बसली होती. चांगली मोठी झालेली, दोन वेण्या घातलेली. मी चक्रावलो. एवढ्या मोठ्या पोरीला बोंडलं कशाला?

झालं होतं ते असं. वेचणीच्या दिवसांत कापसानं भरलेल्या बंडीवर जमनी बसली होती. चाक खड्ड्यात गेलं, बंडी हिसकली आणि पोर हनुवटीवर आपटली. जखम लहानशी होती. हळद भरली, ती भरूनही आली. पण कानाखाली सूज राहिली. पुढे तिचं तोंड दिवसेंदिवस कमी उघडू लागलं. आधी भाकरीचा घास जाईना, मग बोट जाईना, आणि शेवटी दातांवर दात बसले ते बसलेच. तांड्यात म्हणाले, दातखिळी बसली, भ्याली असेल पोर. भगतानं धुपारा केला. कांदा फोडून नाकाशी धरला. दिग्रसच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "जबड्याचं हाड कानापाशी सांधून गेलंय. औषधानं उघडायचं नाही."

तेव्हापासून मी पुन्हा कामाला लागलो. ताक, आंबील, तुरीच्या डाळीचं पाणी, ज्वारीच्या पिठाची पातळ पेज, सगळं माझ्यातून जायचं. दातांच्या फटींतून थेंब थेंब आत झिरपायचं आणि निम्मं हनुवटीवरून खाली यायचं. जमनी बोले तेही बंद दातांमागून. परक्याला ते कळत नसे. धुरपताबाईला मात्र सगळं कळे. दाराआडून बोलणाऱ्या माणसाशी बोलावं तशी ती पोरीशी बोलत असे.

मग जमनीचा एक दुधाचा दात पडला, डाव्या बाजूचा. त्या खिंडीत माझी चोच अशी बसली की जणू मोजमाप घेऊनच केली होती. सरळ चोचीचं बोंडलं तिथं वळलंच नसतं. धुरपताबाईला इतका आनंद झाला की तिनं पडलेला दात न फेकता पदरात बांधून ठेवला. "पाह्यलं?" ती धावजीला म्हणाली, "तुमी वाकडं म्हनत होते!" एवढी शाबासकी मला पुन्हा कधी मिळाली नाही. त्या खिंडीतून जमनी आंबील पोटभर पिऊ लागली आणि तिच्या गालांवर थोडं मांस आलं.

पण दुधाच्या दाताच्या जागी पक्का दात येतोच. इतर घरांत त्याचा आनंद होतो. आमच्या घरात धुरपताबाई रोज सकाळी पोरीचा ओठ वर करून पाही आणि उरलेली खिंड बोटानं चाचपे. नवा दात तिरपा येत होता आणि खिंड बुजत होती. माझी चोच आता आत जाताना हिरडी खरचटत असे. ही वाट बुजली तर पोरीच्या पोटात काय जाणार? दिग्रसचे डॉक्टर म्हणाले, "आता थांबू नका. नागपूरला न्या. ऑपरेशनशिवाय इलाज नाही."

ते नागपूरला गेले. मी धुरपताबाईच्या गाठोड्यात होतो, त्यामुळे सगळं माझ्या कानांवर पडलं. तिथले डॉक्टर भले होते. त्यांनी जमनीचा जबडा दोन्ही बाजूंनी चाचपला, फोटो काढला आणि म्हणाले, "कानाजवळचं हाड थोडं कापून मोकळं करू. पोर जेवू लागेल. पण भूल द्यावी लागेल, आणि तोंड उघडत नाही म्हणून ती जपून द्यावी लागेल."

"भूल?" धुरपताबाईनं विचारलं.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "भुलीत तिला काही कळायचं नाही. कापलेलं कळायचं नाही, तुम्ही समोर उभ्या राहिलात तरी ओळख पटायची नाही. म्हणून तर देतो. पोळा झाला की घेऊन या."

डॉक्टर धीर देत होते. पण मित्रांनो, एकाच शब्दाला दोन घरांत दोन अर्थ असतात. गोरबोलीत भुलणं म्हणजे विसरणं. दवाखान्यातली भूल त्या नवराबायकोनं आयुष्यात कधी ऐकली नव्हती. एसटीत बसल्यावर धुरपताबाईनं हळूच विचारलं, "भूल देतेत म्हंजे काय देतेत हो?"

धावजीला ठाऊक नव्हतं. पण नवऱ्यानं बायकोला 'मले माहीत नाही' म्हणायचं म्हणजे काय! तो म्हणाला, "भूल म्हंजे भूल. मागचं सारं भुलते मानूस."

"सारं?"

"सारं नसन भुलत. जेवढी देल्ली तेवढं."

जमनी तिच्या मांडीवर झोपली होती. यवतमाळ येईपर्यंत धुरपताबाई तिच्या केसांवरून हात फिरवत होती.

धावजीलाही चैन नव्हती. पुढचं मला नंतर त्याच्याच तोंडून कळलं. गावात रामराव नावाचे शेतकरी होते, चार ठिकाणी फिरलेले. धावजी त्यांना बांधावर गाठून म्हणाला, "रामरावजी, दवाखान्यात भूल देतेत म्हनते. खरं व्हय?"

"देतेत नं! भूल देल्याबिगर कोनी चिरते काय? माह्या साळ्याले देल्ली होती अमरावतीले."

"मंग आता वळखते का तो तुमाले?"

रामराव मोठ्यानं हसले. "तो? वाटणी झाली तवापासून तो कोनालेच वळखत नाही, बाप्पा!"

रामरावांनी साळ्याला टोमणा मारला होता. धावजीला तो टोमणा वाटलाच नाही. घरी येऊन तो ओसरीवर बसून राहिला आणि धुरपताबाईनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "खरं आहे."

इथून पुढचे दिवस सांगताना माझं पितळही गार पडतं. धुरपताबाईनं आधी ठरवलं की पोरीला सगळं पाठ करून घ्यायचं. भूल देऊन देऊन किती देतील? पक्कं पाठ असेल तर काहीतरी उरेल. पाजताना ती विचारी, "तुह्या याडीचं नाव काय?"

"धुरपता," जमनी दातांमागून म्हणे.

"बाचं?"

"धावजी."

"तांड्यात आपलं घर कोन्तं?"

"निंबाजवळचं. याडी, रोज रोज काहून विचारतं? मले माहीत आहे."

"माहीत आहे तं सांग. तू पडलीती तवा तुले कोनी उचललं?"

"तू."

"आंबील कोन पाजते?"

"हे वाकडं," म्हणून जमनी माझ्या चोचीवर टिचकी मारी आणि हसे. हसतानाही तिचे दात उघडत नसत. धुरपताबाई तोंड फिरवून चुलीतला धूर डोळ्यांत गेल्यासारखं करी.

मग एकदा तांड्यात गोंदणारीण आली. धुरपताबाईच्या मनगटावर लग्नाआधी गोंदलेला विंचू होता. तिला वाटलं, तसाच विंचू पोरीच्या मनगटावर काढून घ्यावा. उद्या मी कोण म्हणून विचारलं तर हात हाताला लावून दाखवता येईल. गोंदणारणीनं सुया काढल्या, काजळी कालवली, जमनीचा हात मांडीवर घेतला. आणि धुरपताबाईनं एकदम तो हात ओढून घेतला.

"काहून वं?" गोंदणारीण म्हणाली.

"नको. बैलावानी डाग नाही द्यायचा माह्या पोरीले. तिले वळखाचं असन तं वळखन."

त्या सायंकाळी तिनं धावजीला साफ सांगून टाकलं, "आपल्याले नाही करायचं आपरेशन. आहे तशी राहू द्या. मी मरेस्तोवर पाजन तिले."

मला तर, खरं सांगतो, बरं वाटलं. मरेपर्यंतचं काम कोणत्या बोंडल्याला मिळतं? पण दुसऱ्या दिवशी काय पाहावं लागणार होतं ते मला ठाऊक नव्हतं.

पोळा होता. तांड्यात बैल रंगवले होते आणि घरोघरी तळण चाललं होतं. जमनी दिसेना म्हणून धुरपताबाई तिला शोधत घरामागे गेली. हातात मी होतो, आंबिलीनं भरलेला. कुडाच्या आडोशाला जमनी बसली होती. तिनं कालच्या भाकरीचा कोर लपवून आणला होता. तो कोर ती दातांवर घासत होती. घासून घासून पडलेलं पीठ ओठांनी चोखत होती आणि पुन्हा घासत होती. ओठ सोलून निघाले होते, भाकरीला रक्त लागलं होतं. तिला याडी आलेली कळलीच नाही. इतकी ती त्या भाकरीत गुंतली होती.

धुरपताबाई तिथंच खाली बसली. आंबील तिच्या हातावर सांडली. मग ती माझ्याशी बोलावं तसं बोलली, कारण जवळ दुसरं कोणी नव्हतं.

"मले भुलली तं भुलली. भाकर तं खाईन."

मित्रांनो, बाजारात, तांड्यात, दवाखान्यात मी पुष्कळ आया पाहिल्या. पाजणारं भांडं मी, आयांशिवाय कोणाला पाहणार? पण आपलं लेकरू आपल्याला ओळखणार नाही अशी खात्री असताना, त्याला भाकर खाता यावी म्हणून त्याला घेऊन निघालेली आई मी एकच पाहिली.

निघताना धावजीनं विचारलं, "बोंडलं कायले घेतं? आता तोंड उघडन तिचं."

"तिले मी नाही वळखू आली, तं हे वळखू येईन एकादवेळी," ती म्हणाली.

दवाखान्यात धावजीनं कागदावर अंगठा उमटवला. जमनीला आत नेण्याआधी धुरपताबाईनं तिची वेणी घातली. वेणी संपली तरी केसांतून तिचे हात निघत नव्हते. परिचारिका लीलाबाई दोनदा म्हणाल्या, "चला बाई, सोडा आता." जमनीनं जाताना मागे वळून हात हलवला. धुरपताबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू पोरीच्या वाटचं पाहणंसुद्धा तीच साठवून ठेवत होती.

दुपार टळल्यावर जमनीला बाहेर आणलं. डोक्यापासून हनुवटीपर्यंत पांढऱ्या पट्ट्या. डॉक्टर धावजीला म्हणाले, "चांगलं झालं. हाड मोकळं झालं." धावजीनं हात जोडले आणि औषधं आणायला गेला. धुरपताबाई खाटेजवळ उभी राहिली. बसायला स्टूल होतं, पण ती बसली नाही. परक्या माणसाच्या खाटेजवळ न विचारता कसं बसायचं?

थोड्या वेळानं जमनीचे डोळे उघडले. ते धुरपताबाईवरून फिरले, छताकडे गेले, पुन्हा तिच्यावरून फिरले, आणि कुठेच थांबले नाहीत. धुरपताबाईनं पदर सावरला. वाटेत ठरवून ठेवलेलं वाक्य ती हळू आवाजात बोलली.

"बाई, मी धुरपता. भिऊ नको. तुले दूध पाजाले आली मी."

जमनीनं ऐकलंच नाही. तिनं तोंड फिरवलं आणि डोळे मिटले. धुरपताबाईनं मला पोटाशी घट्ट धरलं. तिचं पोट हुंदक्यांनी हलत होतं, पण आवाज बाहेर येत नव्हता. मग ती लीलाबाईंकडे गेली.

"बाई, मले इथं कामाले ठेवता काय? झाडन, पुसन, सारं करन. पगार नका देऊ. फक्त त्या खाटेजवळ राहू द्या."

लीलाबाई गोंधळल्या. "कामाला कशाला? तुम्ही तर आई ना तिची?"

"होती," धुरपताबाई म्हणाली. "तुमी भूल देल्ली नं आता."

लीलाबाईंच्या हातात औषधाचा ट्रे होता. त्यांनी तो बाजूला ठेवला. आधी त्यांना अर्थ लागला नाही. लागला तेव्हा त्यांना हसू आलं नाही. त्या धुरपताबाईजवळ जमिनीवरच बसल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"कधीपासून असं वाटतंय तुम्हाला?"

"पोळ्याच्या आगूदरपासून."

"आणि तरी घेऊन आलात?"

"तिले भाकर खाची होती."

लीलाबाईंनी समजावलं, "अवो माय, ही भूल तशी नाही. ही झोपेसारखी असते. दुखू नये म्हणून देतात. उतरते ती."

"उतरते?"

"उतरते. सकाळी पाहा."

सकाळ झाली तरी धुरपताबाईला धीर होईना. लीलाबाईंचं म्हणणं तिनं ऐकलं होतं, पण विश्वास ठेवायची भीती वाटत होती. जमनी जागी झाली. धुरपताबाई स्टुलाच्या कडेवर बसली आणि चोरासारखं विचारलं, "बाई, मी कोन व्हय?"

जमनीनं कपाळाला आठ्या घातल्या. पट्ट्यांतून तिचा आवाज जड येत होता. "याडी, पानी दे नं. पुन्हा कायले पाठ घेतं?"

आमच्या तांड्यातल्या बायका फार दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात. एकीनं सूर लावायचा, दुसरीनं उचलायचा. रीतच आहे ती. धुरपताबाईनं लेकीचे पाय धरून तो सूर लावला आणि अख्खा वॉर्ड जागा झाला. लोक धावत आले, त्यांना वाटलं कोणी गेलं. धावजी दारात उभा राहून डोळे पुसत होता आणि लोकांना सांगत होता, "काही नाही झालं, काही नाही. भेट झाली त्यायची."

मित्रांनो, गोष्ट इथं संपली असती तर मी आनंदानं पेटीत गेलो असतो. पण डॉक्टरांनी सुट्टी देताना एक लाकडी पाचर धुरपताबाईच्या हातात ठेवली. एका टोकाला पातळ, दुसऱ्याला जाड. ते म्हणाले, "हाड पुन्हा सांधायला पाहील. रोज सकाळ-संध्याकाळ ही दाढांमध्ये घालायची आणि हळूहळू आत सरकवायची. रडेल, ओरडेल. तुम्ही दया केलीत तर तोंड पुन्हा मिटेल, आणि मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

ते काम कोणी करायचं? धावजीनं एकदा पाचर हातात घेतली, पोरीचं तोंड पाहिलं आणि खाली ठेवून शेतात निघून गेला. तो संध्याकाळपर्यंत आला नाही. शेजारणी म्हणू लागल्या, "एवढी मरता मरता जगवली, आता पुन्हा मारतं काय वं? कसायीन आहे का तू?" जमनी पाचर दिसली की पळून जाई, कणगीमागे लपे. धुरपताबाई तिला ओढून आणी, गुडघ्यांत धरी आणि पाचर घाली. मी चुलीजवळ ताकानं भरून ठेवलेला असे. ते झाल्यावर पोरीच्या घशाला थंड म्हणून.

जमनी आता तिच्याजवळ झोपत नसे. बापाच्या कुशीत जाई. याडीच्या हातचं पाणीही घेईनाशी झाली. सगळा हिवाळा असाच गेला.

एके दिवशी सकाळी धुरपताबाईनं पाचर रोजच्यापेक्षा जरा पुढे सरकवली. जमनी किंचाळली, पाचर ओढून काढली आणि चुलीकडे भिरकावली. मग आईच्या तोंडावर ओरडली. डोळे घट्ट मिटून, पूर्ण तोंड उघडून. आतली जीभ, दाढा, तो तिरपा दात, सगळं दिसलं.

"तू माही याडी नाही! मी नाही वळखत तुले! नाही वळखत!"

धुरपताबाईचा हात हवेतच थांबला. पोळ्याच्या आधीपासून ज्या शब्दांच्या भीतीनं ती झुरली होती, तेच शब्द तिच्यासमोर उभे होते. दवाखान्यातल्या भुलीनं जे केलं नाही ते तिच्या स्वतःच्या हातांनी झालं होतं. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. तिनं उठून राखेतून पाचर उचलली आणि पदरानं पुसली.

"बोल बाई," ती म्हणाली. "अजून बोल. असंच तोंड उघडून बोल."

आणि तिनं पोरीला पुन्हा गुडघ्यांत घेतलं.

मला आता कोणी वापरत नाही. माझ्यावर हिरवा जंग चढला आहे, कल्हई केव्हाच उडाली आहे. जमनी भाकर खाते, पण अजूनही याडीशी मोजकंच बोलते. मोठी झाली की तिला कळेल असं लोक म्हणतात. कळेल तेव्हा कळेल. तुम्हाला मात्र माझी एक विनवणी आहे, मित्रांनो. तुमच्या भल्यासाठी कोणी तुम्हाला दुखवत असेल तर ओरडा, रागवा, खुशाल वाट्टेल ते बोला. पण एकदा डोळे उघडून त्या माणसाच्या तोंडाकडे पाहा. जमनीनं पाहिलं नाही, तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी चुलीजवळून पाहिलं, म्हणून तुम्हाला सांगितलं.